दुसरी वायर

आमचं घर कराडच्या जुन्या पेठेतलं. पुढं बैठक, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. बीएसएनएलचं ब्रॉडबँड देशात २००५ साली सुरू झालं होतं. आमच्या बैठकीत ते २००८ मध्ये आलं. भाई तिथं संगणकावर लग्नपत्रिका आणि निकाहचे दावतनामे जुळवायचा. मराठी मजकूर श्रीलिपीत, उर्दू इनपेजमध्ये. दिवसभर गिऱ्हाइकांची ये-जा. परके पुरुष बसलेले असताना मी तिथं जाऊन बसणं घरात कुणाला रुचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही संकोच वाटायचा.

मी तेव्हा बी.एड. करत होते. पाठटाचणं उर्दूतून काढायची. कॉलेजच्या ग्रंथालयात उर्दूची पुस्तकं बोटांवर मोजण्याइतकी. इंटरनेटवर खूप काही मिळतं हे ऐकून होते, पण ते मिळायचं बैठकीत.

भाईनं नवा संगणक घेतला तेव्हा जुना मी मागून घेतला आणि माजघरात मांडला. अब्बांची पहिली शंका बिलाची होती. दोन संगणक म्हणजे दोन बिलं का? भाईनं समजावलं, फोनची लाईन एकच, बिलही एकच. फक्त वापर मर्यादेबाहेर गेला तर जादा पैसे. आमच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ वापराला मर्यादा नव्हती. मी म्हटलं, तेवढे तास मला पुरे.

मोडेमला नेटवर्कच्या वायरीसाठी एकच जागा होती. म्हणून ‘स्विच’ नावाची पाच भोकांची छोटी पेटी आणली. मोडेमची वायर तिच्यात, तिथून एक वायर भाईच्या संगणकाला आणि दुसरी दारावरच्या झरोक्यातून माजघरात. अम्मीनं स्टूल धरलं होतं. आधी जोडणीचं नाव आणि पासवर्ड भाईच्या संगणकात होता, त्यामुळं तो सुरू केल्याशिवाय इंटरनेट लागायचं नाही. दुकानातल्या एका पोरानं ते दोन्ही मोडेममध्येच भरून दिलं. आता मोडेम स्वतःच जोडला जायचा. राहिले माझ्या संगणकातले आकडे. ते भाईनं आपल्या संगणकात पाहून जसेच्या तसे भरले.

रमजान सप्टेंबरात होता. सहरीला उठले की मी संगणक लावायची, फज्रनंतर टाचणं लिहीत बसायची. भारनियमनाच्या वेळा सांभाळूनच सगळं चालायचं. कोयनेची वीज राज्यभर जाते, पण आमच्या गावातही दिवे जात होतेच.

एका सकाळी भाईनं आपला संगणक लावला आणि त्याचं इंटरनेट चालेना. समोर गिऱ्हाईक बसलेलं, पत्रिका कोल्हापूरच्या छापखान्यात मेलनं पाठवायची होती. माझा बंद केला की त्याचा चालायचा. दोन-तीन दिवस हेच झालं. चौथ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर माझी वायर स्विचमधून काढलेली, झरोक्यातून लोंबत होती. भाई म्हणाला, “एकावर दोन चालत नाहीत. माझा धंदा आहे.” मी काही बोलले नाही. आत जाऊन भांडी घासली.

अब्बा पोस्टमन म्हणून निवृत्त झालेले. इफ्तारनंतर त्यांनीच विचारलं, पडद्यावर इंग्रजीत काय लिहून येतं ते वाच. मी वाचलं: या पत्त्याची दुसऱ्या संगणकाशी टक्कर होते आहे. अब्बा हसले. “बेटा, एकीच नंबर के दो घर रहे तो डाकवाला खत किसकू देंगा?”

पाहिलं तर खरंच तसं होतं. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१, भाईचा १९२.१६८.१.२ आणि माझाही १९२.१६८.१.२. जो आधी सुरू व्हायचा तो पत्ता धरून बसायचा, मागाहून येणाऱ्याला जागा मिळायची नाही. माझ्या शेवटच्या २ च्या जागी ३ टाकला. त्या रात्री दोन्ही संगणक एकाच वेळी चालले. भाईनं स्वतः स्टूलवर चढून वायर खिळ्यांनी नीट ठोकून दिली.

भांडण एका आकड्याचं होतं. पण तो आकडा तपासावा असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. दोन चालणार नाहीत हे सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि एक बंद करायचा तर तो माझाच, हेही. त्यात मीसुद्धा होते, याचं आज वाईट वाटतं.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि मी मोबाईलवरून पाचवीच्या मुलींना शिकवू लागले. एक हुशार मुलगी कधीच यायची नाही. फोन केला तर तिची अम्मी म्हणाली, “टीचर, मोबाईल एकच आहे. आधी भावाचं शिक्षण, मग हिचं.” मी विचारलं, त्याचा तास किती वाजता? दहाला. आमचा बाराला होता. दोन्ही तासांच्या वेळा घरात कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या.

मी म्हटलं, “बाजी, कागद घ्या, लिहून घ्या.” दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिनं सलाम केला.