लॅपटॉपची वॉरंटी आणि दुकानदाराची जबाबदारी

ब्रिटनमध्ये घेतलेला लॅपटॉप सदोष निघाला, तर कायद्याने पहिली जबाबदारी विकणाऱ्या दुकानाची असते, बनवणाऱ्या कंपनीची नव्हे. १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ‘कन्झ्युमर राइट्स ॲक्ट २०१५’ या कायद्यानुसार माल समाधानकारक दर्जाचा, सांगितलेल्या कामाला योग्य आणि वर्णनाबरहुकूम असावा लागतो. हातात आल्यापासून ३० दिवसांत दोष निघाला तर ग्राहकाला वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. त्यानंतर दुकानाला दुरुस्तीची किंवा वस्तू बदलून देण्याची एक संधी मिळते. तीही वाया गेली, तर किंमत कमी करून घ्यायची की वस्तू परत करायची, हे ग्राहकाने ठरवायचे. पहिल्या सहा महिन्यांत उघड झालेला दोष मुळातच होता असे कायदा धरून चालतो. तसे नव्हते हे दुकानाने सिद्ध करायचे. सहा महिन्यांनंतर मात्र पुराव्याचा भार ग्राहकावर येतो. दावा करण्याची मुदत इंग्लंड आणि वेल्समध्ये सहा वर्षे, तर स्कॉटलंडमध्ये पाच वर्षे आहे.

कंपनीची वॉरंटी ही यावर वरची भर. ती बहुधा एक वर्षाची असते आणि तिच्या अटी कंपनीच लिहिते. भारतातून आलेल्या माणसाला सवय असते ती शिक्का मारलेल्या वॉरंटी कार्डाची आणि सर्व्हिस सेंटरच्या रांगेची. त्यामुळे दुकानातला माणूस ‘कंपनीला फोन करा’ म्हणाला की त्याला ते रीतसरच वाटते. वास्तविक त्या एका वाक्याने दुकान आपली कायदेशीर जबाबदारी दुसऱ्याच्या दारात ढकलत असते, आणि हे रोज इतक्या सहजपणे घडते की विकणाऱ्यालाही त्यात काही गैर वाटत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरचा लॅपटॉप सहा महिने व्हायच्या आतच बिघडला. झाकण एका विशिष्ट कोनापर्यंत उघडले की स्क्रीन काळी पडे. दोन बोटे मागे रेटले की चित्र परत येई. बिजागरीतून जाणारी स्क्रीनची चपटी केबल दबली की असे होते. दुकानाने कंपनीकडे बोट दाखवले. कंपनीच्या हेल्पलाइनने आधी लॅपटॉप बंद-चालू करायला लावला, मग सगळे सॉफ्टवेअर नव्याने टाकायला सांगितले. केबलच्या दोषावर सॉफ्टवेअरचा उतारा कसा पडणार? पण ती पायरी ओलांडल्याशिवाय पुढची तक्रार नोंदवलीच जात नव्हती. शेवटी कुरिअरने खोके आले, लॅपटॉप गेला आणि काही काळाने परत आला. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिले होते, ‘दोष आढळला नाही’. मुलीची परीक्षा तोंडावर होती, तिच्या अभ्यासाच्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या आणि झाकण उघडताच स्क्रीन पुन्हा काळी पडली.

ही चिठ्ठी ग्राहकावर अन्याय करते. तंत्रज्ञ यंत्र टेबलावर उघडून ठेवतो, ठरलेल्या चाचण्या लावतो आणि त्या उत्तीर्ण झाल्या की खोके बंद करतो. अधूनमधून डोके वर काढणारा दोष त्यात सापडत नाही आणि ग्राहक खोटा ठरतो. यावर उपयोगी पडला तो मोबाइलवर काढलेला व्हिडिओ: झाकण हळूहळू उघडताना स्क्रीन कुठे जाते आणि कुठे परत येते, हे त्यात स्पष्ट दिसत होते. तो व्हिडिओ, पावती आणि कायद्याचे नाव घालून दुकानाला पत्र गेले तेव्हा पैसे परत मिळाले. फोनवरच्या बोलण्याला वजन नसते, लेखी तक्रारीला असते.

दुकान बधलेच नाही तर आणखी वाटा आहेत. वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल आणि ती क्रेडिट कार्डाने घेतलेली असेल, तर १९७४ च्या ‘कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट’च्या कलम ७५ नुसार कार्ड देणारी बँकही दुकानाइतकीच जबाबदार ठरते. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ ही संस्था मोफत सल्ला देते. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधारणपणे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे ‘स्मॉल क्लेम्स’ पद्धतीने वकिलाशिवाय चालवता येतात. गल्ल्यावर आग्रहाने विकली जाणारी वाढीव वॉरंटी मात्र पारखूनच घ्यावी. तिच्यातला बराच भाग कायद्याने आधीच दिलेला असतो. चहा सांडणे, हातातून पडणे अशा अपघातांचा समावेश असेल तरच तिला अर्थ.

कोणता संगणक घ्यावा, या प्रश्नाचे उत्तरही दुरुस्तीच्या अंगाने शोधावे लागते. चर्चा बहुतेक वेग आणि दिसण्यापाशीच थांबते. ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्ये स्वतःची चिप बसवायला सुरुवात केली. या मॅकबुकमध्ये मेमरी चिपच्या पॅकेजमध्येच असते आणि साठवणही बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते. बोर्ड गेला की आतल्या फायली गेल्या. विंडोजच्या कित्येक लॅपटॉपमध्ये स्टोरेज अजून स्क्रू काढून वेगळे करता येते. मात्र त्यात बिटलॉकर ही डेटा कुलूपबंद करणारी सोय चालू असेल तर मदरबोर्ड बदलताच स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते आणि ती हाताशी नसेल तर डेटा कायमचा कुलूपबंद होतो. दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप आणि ही की, दोन्ही जपून ठेवणे अत्यावश्यक आहे.

सॉफ्टवेअर किती वर्षे पोसले जाणार, हाही मुद्दा आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या यंत्रांवर कंपनी विंडोज ११ ला मान्यता देत नाही. धडधाकट लॅपटॉप त्यामुळे अडगळीत गेले. त्यांतल्या अनेकांवर लिनक्स उत्तम चालते. मुलांसाठी संगणक निवडताना शाळेत जे वापरतात तेच घरी असावे, हा आग्रह ब्रिटनमध्ये जुना आहे, पण तो किमतीपुढे टिकतोच असे नाही. १९८२ मध्ये शाळांत बीबीसी मायक्रो हा संगणक होता, पण त्याचे बी मॉडेल ३९९ पौंडांना आणि सिंक्लेअरचा ४८के स्पेक्ट्रम १७५ पौंडांना मिळे, म्हणून असंख्य घरांत स्पेक्ट्रमच आला.

मराठी घराला आणखी एक कसोटी लावावी लागते. युनिकोड देवनागरी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, तरी ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ मधला ऱ्य प्रत्येक कीबोर्डवर वेगळ्या रीतीने उमटतो. दुकानातच टाइप करून पाहावा. श्री-लिपीसारख्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या स्मरणिका आणि पत्रिका असतील तर विंडोजचे एखादे यंत्र घरात राहू द्यावे.

ब्रिटनमध्ये घेतलेला लॅपटॉप पुण्याला आईवडिलांकडे पाठवण्याआधी वॉरंटीचा देश तपासावा. काही कंपन्यांची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते. ब्रिटिश दुकानावरचा हक्क कायद्याने शाबूत राहिला, तरी बिघडलेले यंत्र समुद्रापलीकडे परत धाडण्याची यातायात वृद्धांना झेपत नाही. त्यांच्यासाठी पुण्यातल्याच दुकानातून, त्यांच्या नावाच्या पावतीवर घेतलेला लॅपटॉप बरा.