जोर जातो कुठे

लेथवरच्या बहुतेक कामांत धातू निघून जातो. टर्निंग असो, फेसिंग असो की आटे पाडणं, टूलच्या टोकाखालून वळ्या सुटतात, ट्रेमध्ये कीस साचतो आणि जॉब तेवढ्यापुरता हलका होतो. नर्लिंगचं तसं नाही. कडक दातेरी चाक फिरत्या जॉबवर दाबलं की धातू जागच्या जागी सरकतो. दाताखाली खळगा पडतो आणि खळग्यातला माल दोन्ही बाजूंनी वर येतो. 20 मिलिमीटरचा गज नर्ल करून मोजला, तर तो 20 पेक्षा जाड भरतो. ही वाढ दोन दातांमधल्या अंतराच्या साधारण निम्मी असते. झिजलेल्या पिस्टनच्या स्कर्टवर नर्लिंग मारून तो पुन्हा सिलिंडरला बसता करण्याची पद्धत जुन्या गॅरेजांत याच जोरावर चालायची. वरून काही न घालता जाडी वाढवण्याची ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

घरात शोधायला गेलं तर नर्लिंग जागोजाग सापडतं. शिलाई मशीनचा टेन्शनचा नट, कंपासपेटीतल्या कर्कटकाचा स्क्रू, मायक्रोमीटरचा थिंबल. बोटं तेलकट असोत की घामेजलेली, पकड सुटू नये म्हणून केलेली ही सोय आहे. ज्याच्या घरी लेथ आहे त्याला कधी ना कधी असा एखादा नॉब करावा लागतोच, आणि तिथेच छोट्या लेथची परीक्षा सुरू होते.

कारण धातू कापायला जितका जोर लागतो त्याच्या कितीतरी पट तो सरकवायला लागतो. हा जोर जातो कुठे? नर्लिंगचं हत्यार स्वतः बनवायचं असेल तर पहिल्यापासून शेवटपर्यंत हा एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा, असं माझं मत आहे. कोणत्या भागाची जाडी किती, कुठे ढिलाई चालेल आणि कुठे अजिबात नाही, हे सगळं त्यातून आपोआप ठरत जातं.

बाजारात सहज मिळणारं टूल म्हणजे एका दांड्याच्या टोकाला डुलणारं डोकं आणि त्यात तिरक्या दातांची दोन चाकं, एक डावं, एक उजवं. ते टूलपोस्टमध्ये आवळायचं आणि क्रॉस स्लाइडच्या हँडलने समोरून जॉबवर रेटायचं. इथे सगळा जोर एकाच बाजूने येतो. बारीक जॉब मागे वाकतो. वाकला नाही, तर तोच रेटा चकातून स्पिंडलच्या बेअरिंगवर जातो, आणि उलट दिशेने टूलपोस्टमधून क्रॉस स्लाइडच्या पितळी नटावर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी लेथ शिकलो तेव्हा हेच टूल वापरायचो आणि त्यात काही वावगं वाटत नसे, कारण समोर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचा टर्नमास्टर असायचा. त्या मशीनला असला रेटा खिजगणतीत नव्हता. आमचे मिस्त्री मात्र तिथेही सांगायचे, "अरे, जॉब बिघडला तर दुसरा लावता येईल. बेअरिंगला जप." घरच्या टेबलावर मावणाऱ्या लेथवर काम करताना त्या वाक्याचं वजन खरं कळतं.

म्हणून घरच्या लेथला दुसऱ्या जातीचं टूल हवं. दोन भुजा, एक जॉबच्या वर, एक खाली. प्रत्येकीच्या टोकाला एक चाक. मधल्या बोल्टचा नट आवळला की दोन्ही चाकं समोरासमोरून जॉबला दाबतात. अडकित्त्यात सुपारी धरावी तसा जॉब मध्ये सापडतो आणि वरचा जोर खालच्या जोराला छेद देतो. स्पिंडलला तो जाणवतच नाही म्हटलं तरी चालेल. टूलपोस्टच्या वाट्याला फक्त टूल सांभाळून पुढे नेण्याचं काम उरतं. सगळा ताण भुजा, पिना आणि त्या एका बोल्टमध्ये फिरत राहतो. म्हणजे मशीनची काळजी मिटली आणि ती सगळी आपण बनवणार त्या तुकड्यांवर आली.

भुजांसाठी मी 25 बाय 12 ची माइल्ड स्टीलची पट्टी घेतो. वाकण्याचा विचार बहुतेक जण करतात, पिळण्याचा करत नाहीत. तिरक्या दातांचं चाक नुसतं दाबत नाही, ते बाजूलाही सरकू पाहतं. उजव्या दातांचं एका बाजूला, डाव्या दातांचं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे वरची आणि खालची भुजा कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींपासून फाकू बघतात. ती फाक अडते ती मागच्या सांध्यात. म्हणून सांध्याची पिन जाड हवी, भोक रीमरने केलेलं हवं आणि भुजेच्या दोन्ही अंगांना बसणारे गालपट्टे सपाट, घट्ट हवेत. सांधा ढिला राहिला तर हिऱ्याच्या आकाराऐवजी लांबट, कललेली नक्षी उमटते.

चाक बसतं ती खाच हा दुसरा नाजूक भाग. सबंध पट्टीत 8 मिलिमीटर रुंदीची, दोन्ही भिंती समांतर असलेली खाच काढायला मिलिंग हवं, आणि ते घरी सगळ्यांकडे नसतं. त्यावर मला आवडलेला तोडगा असा: पुढचं टोक तीन थरांचं करायचं. दोन बाजूंना 6 मिलिमीटरच्या पट्ट्या, मध्ये चाकाच्या रुंदीपेक्षा केसभर जाड तुकडा. तिन्ही एकत्र बोल्टने आवळायच्या, पिनेचं भोक दोन्ही बाहेरच्या पट्ट्यांतून एकाच वेळी ड्रिल करून लगेच रीमर फिरवायचा. असं केलं की पिन चाकाच्या अक्षाला तिरकी बसूच शकत नाही. खाच आपोआप समांतर होते, कारण मधला तुकडा आधीच ग्राइंड केलेल्या पट्टीचा असतो. जोडकाम म्हणून कोणी नाक मुरडेल, पण मजबुतीत ते कुठेही कमी पडत नाही.

पिन 6 मिलिमीटरची, सिल्व्हर स्टीलची, कडक केलेली. सगळ्या टूलमध्ये ही सर्वांत लहान आणि सर्वांत जास्त छळ सोसणारी वस्तू. चाक तिच्यावर घासत फिरतं, मध्ये ना बॉल बेअरिंग, ना बुश. दर वेळी तेलाचा थेंब आणि महिन्यामहिन्याला बोटाने चाक हलवून खेळ तपासणं, एवढं केलं की पुरतं. पिन झिजली की सरळ नवीन घालावी.

आता चाकं. तिरक्या दातांची चाकं मी विकत घेतो आणि इतरांनाही तेच सांगतो. 19.1 व्यासाच्या चाकाचा परीघ 60 मिलिमीटर. दात 30 अंशांत तिरका काढायचा तर चाक एक पूर्ण फेरा घेईपर्यंत टूल जवळपास 104 मिलिमीटर पुढे जायला हवं. एवढा लांब आटा घरच्या लेथच्या गिअरना सहसा झेपत नाही. सरळ दातांचं चाक मात्र घरी करण्यासारखं आहे, आणि एकदा तरी करावंच.

लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला 60 दातांचा चेंज गिअर लावायचा आणि त्याच्या खाचेत अडकणारा एक खटका बेडला आवळायचा. झाली इंडेक्सिंगची सोय. टूलपोस्टमध्ये 90 अंशांचं व्ही टूल आडवं धरायचं. लेथ बंद. फक्त कॅरेज हाताने पुढे-मागे न्यायची, म्हणजे लेथचा शेपर झाला. दोन दातांमधलं अंतर 1 मिलिमीटर असेल तर 90 अंशांच्या दाताची खोली अर्धा मिलिमीटर येते. एका वेळी 0.05 घेतलं तर एका दाताला 10 फेरे, आणि 60 दातांना 600. वेळखाऊ काम आहे, पण कंटाळवाणं नाही. हात एका लयीत जातो, कॅरेजच्या आवाजावरून टूलला धार आहे की नाही ते कळतं, आणि शेवटचा दात पहिल्याला अचूक येऊन मिळतो तो क्षण मला फार आवडतो.

गोलसर कडेच्या नॉबसाठी आणखी सोपी वाट आहे. चकमध्ये एम10 बाय 1 चा टॅप धरायचा, मागून सेंटरचा आधार द्यायचा. टूलपोस्टमध्ये उभ्या पिनेवर मोकळी फिरणारी चकती बसवायची आणि हळूहळू फिरत्या टॅपवर नेऊन भिडवायची. टॅपच चकतीला फिरवतो आणि तोच तिच्यात दात पाडतो. टॅप गोल असल्यामुळे चकतीची कड आत वळते आणि तिने नर्ल केलेला नॉब बाहेर फुगीर येतो. दात 2 अंशांनी कललेले असतात, पण डोळ्याला ते दिसत नाही. चकती 5-6 मिलिमीटरपेक्षा रुंद ठेवू नये, नाहीतर कडांपर्यंत दात पोचतच नाहीत.

चाकासाठी पोलाद ओएचएनएस घ्यावं. टूलरूमच्या शेजारी राहणाऱ्याला ते सहज मिळतं, आणि त्याला पाणी द्यायचं ते तेलात. पाण्यात बुडवायच्या पोलादाला इतक्या बारीक दातांच्या मुळाशी तडा जायची भीती असते. 790 ते 815 अंश सेल्सिअस एवढी उष्णता लागते. घरी मोजायचं साधन नसलं तर लोहचुंबक जवळ ठेवावं. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला ओढलं जाईनासं होतं. त्यानंतर रंग आणखी थोडा उजळू द्यायचा, थोडा वेळ थांबायचं आणि तारेला टांगलेलं चाक उभंच तेलात सोडायचं. आडवं पडलं तर वाकतं. तेलाचा डबा लोखंडी असावा आणि त्याचं झाकण हाताशी असावं, कारण तेल पेट घेऊ शकतं. दातांत आधी अंगाचा साबण भरून ठेवला तर खपली कमी धरते. मग कानस लावून पाहायची: ती नुसती घसरली तर पाणी चढलं. एक बाजू पॉलिश करून फिकट पिवळा रंग येईतो पुन्हा तापवलं की चाक तयार.

इतकं सगळं केल्यावरही जॉबवर दात दुहेरी उमटू शकतात, आणि लोक टूलला दोष देतात. कारण हिशेबात असतं. जॉबच्या परिघात दात पूर्ण संख्येने बसले पाहिजेत. 1 मिलिमीटर अंतराच्या चाकाला 62 दात हवे असतील तर व्यास 19.74 हवा, 63 दातांना 20.05. म्हणजे व्यासात फक्त 0.32 चा फरक पडला की एक दात वाढतो, आणि नेमक्या मधल्या मापावर चाक दुसऱ्या फेऱ्यात आधीच्या दोन दातांच्या मधोमध उतरतं. 20 च्या गजावर नर्लिंग करायचं तर आधी तो 19.74 ला आणावा. तरीही शेवटचा निवाडा जॉबचाच. मी चाकाची अर्धी रुंदी जॉबच्या टोकावर ठेवतो, दोन्ही चाकांचे मध्य जॉबच्या मध्यावर येतील अशी क्रॉस स्लाइड लावतो, नट चांगला आवळतो आणि चक हाताने एक फेरा फिरवतो. मग भिंगातून बघायचं. ओळी एकेरी असतील तर लेथ चालू, बॅक गिअरमध्ये, भरपूर तेल आणि हातात ब्रश. सुटलेल्या बारीक खपल्या चाकाखाली पुन्हा गेल्या तर नक्षीत चेपल्या जातात. सुरुवातीला हलकं दाबून पुढे वाढवू म्हटलं तर चाक घसरतं आणि नको तिथे वाट पाडतं. पहिलाच दाब ठाम हवा. हे टूल वापरताना मला सर्वांत जास्त जपावं लागतं ते याच क्षणाला.

आणि थांबायचं कधी? माल वर येत येत हिऱ्यांचे शेंडे टोकदार व्हायला लागतात. आणखी आवळलं तर धातूला वर जायला जागा उरत नाही, तो दाबाने कडक होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. पितळेत हे फार लवकर होतं. बीडाच्या नादी तर लागूच नये, ते सरकत नाही, चुरतं. शेंडे पुरते टोकदार होण्याआधीच, अगदी चिमूटभर सपाटी शिल्लक असताना मी नट सैल करतो. शिलाई मशीनचा नट दिवसातून शंभरदा फिरवणाऱ्या बाईच्या अंगठ्याला टोकदार शेंडे टोचतात. म्हणून टूल बाजूला केल्यावर बारीक कानस, मुठीत नीट बसलेली, फिरत्या जॉबवर क्षणभर टेकवायची आणि दोन्ही कडांना 45 अंशांचा चँफर मारायचा.