आत काय बोलणं झालं?

१६ जून, सोमवार
शाळा सुरू झाल्या आणि आमच्या समुपदेशन केंद्रात नवी शिकाऊ मुलगी रुजू झाली. एम.ए. झालेली, हुशार, हातात वही. पहिल्याच दिवशी आठ वर्षांच्या मुलासोबत बसली. मी कोपऱ्यात. त्याने वाळूत डायनासोर पुरला, उकरला, पुन्हा पुरला. हिचे प्रश्न सुरूच : हा कोण? त्याला राग आलाय का? घरी कुणी रागावतं का? मुलगा हळूहळू पाठ करून बसला. संध्याकाळी तिला म्हटलं, वही बाहेर ठेव. व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ च्या ‘प्ले थेरपी’त हेच तर मांडलंय की वाट मूल दाखवतं, आपण मागून जायचं. ती म्हणाली, “पण मॅडम, बाहेर त्याचे बाबा विचारतात, आज काय शिकवलं?”

२० जून, शुक्रवार
पालख्या पुण्यात. रस्ते बंद, निम्मे लोक आलेच नाहीत. एकोणीस वर्षांची एक कॉलेजकन्यका मात्र नदीपलीकडून चालत आली. ती गेली न गेली तोच आईचा फोन. “काय बोलली हो ती?” आमची शिकाऊ गडबडली. “काकू, सगळं ठीक आहे.”
ठीक आहे, हेसुद्धा सांगायचं नाही. मुलगी सज्ञान आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क तिला दिलाय, फी कोणीही भरो. पण आईला झिडकारायचंही नाही. “तिचं बोलणं मला सांगता येणार नाही, तुम्हाला काय काळजी वाटते ते मात्र ऐकते,” एवढं म्हणता येतं. नव्या मुली पटकन मुलांच्या बाजूच्या होतात आणि आईबाप खलनायक ठरतात. फोनवरची ती बाई घाबरलेली होती, चौकस नव्हे.

२५ जून, बुधवार
आज खरी पंचाईत. सोळा वर्षांच्या मुलानं विचारलं, “ताई, घरी सांगणार नाही ना?” आणि ही म्हणाली, “अजिबात नाही!”
असं वचन आपल्याला देताच येत नाही. जिवाला धोका असेल तर सांगावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात अठराखालची संमती कायदा मानतच नाही, त्यामुळे वर्गातल्या मैत्रिणीबद्दल विश्वासानं बोलणारं पोरही त्या चौकटीत सापडू शकतं. मला हे पटत नाही. पण न पटणं वेगळं आणि पोराला अंधारात ठेवून बोलतं करणं वेगळं. मर्यादा आधी सांगायच्या, त्याने तोंड उघडण्यापूर्वी.
मग तासभर तालीम. मी तुसडा सोळा वर्षांचा मुलगा झाले, खुर्चीत पसरले, मोबाइल बघत “हं” एवढंच म्हणत राहिले. तिची पहिली खेप पोलीस चौकीतल्या जबाबासारखी. चौथ्यांदा आवाज माणसात आला.

२ जुलै, बुधवार
तोच मुलगा. हिनं सुरुवातीलाच सांगितलं : मागच्या वेळी ‘अजिबात नाही’ म्हटलं ते बरोबर नव्हतं. मग नियम सांगितले, न अडखळता. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सिगरेटचं चालेल?”
ही मधल्या सुट्टीत माझ्याकडे धावत. “चालेल ना, मॅडम?”
चालेल. दिवसाला किती, ते विचारलंस का?