नाडी, पुडी आणि सुई

आमच्या लहानपणी अंबाजोगाई-परळीकडच्या गावांत वैद्याकडे जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. वैद्यबुवा ओसरीवर बसून नाडी धरत आणि मग विचारत सुटत. भूक कशी, झोप कशी, पोट साफ होतं का, ज्वारी खाता की बाजरी, रानात काम कोणतं. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यांत पुड्या बांधून मिळत, सकाळची मधातून, रात्रीची कोमट पाण्यातून. औषधाहून पथ्याची यादी लांब, आणि आजारी माणसासाठी अख्खं घर आठवडाभर आळणी जेवायचं.

आता तालुक्याच्या दवाखान्यात नंबर लागतो आणि दोन मिनिटांत माणूस बाहेर येतो. पाटीवर बीएएमएस असतं, हातात अँटिबायोटिकची चिठ्ठी. राज्य सरकारने १९९२ साली या डॉक्टरांना, शिकवलं आहे तेवढ्या मर्यादेत, अ‍ॅलोपॅथीची मुभा दिली. एमबीबीएस डॉक्टर यायला तयार नव्हते त्या गावांचा दवाखाना यांनीच चालवला, हे विसरता येत नाही. शिवाय सुई घेतल्याशिवाय बरं वाटत नाही, ही आमचीच सवय.

तेव्हाचं सगळं गोड नव्हतं. विंचू चावला की मांत्रिकाकडे पळायचं. मोठी माणसं तळमळत वाचायची, लहान लेकरं पहाटेपर्यंत दगावायची. काविळीला मनगटावर डागायचे. ते डाग आमच्या पिढीतल्या कितीतरी हातांवर अजून आहेत.

पुढे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या बाजूला काम करताना प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने विंचूदंशाची माणसं वाचवली, १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडलं. अंबाजोगाईत १९७४ साली ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि अडलेल्या बाळंतिणीला जायला जागा झाली. ओसरीवरची नाडी परत हवी म्हणून यातलं काहीही सोडायची आमची तयारी नाही.

तरी चुटपुट लागते ती त्या विचारण्याची. आज डॉक्टर मंडळी एकमेकांच्या पॅथीवर भांडतात. २०२० साली आयुर्वेदाच्या शल्य पदव्युत्तरांना शस्त्रक्रियांची परवानगी मिळाली तेव्हा अ‍ॅलोपॅथीवाल्यांनी काम बंद ठेवलं. होमिओपॅथांच्या अ‍ॅलोपॅथीच्या परिषदेतल्या नोंदणीवरून २०२५ साली पुन्हा तेच. अ‍ॅलोपॅथीवाल्यांची काळजी खरी आहे, अपुऱ्या शिक्षणावर माणसाचा जीव टांगू नये. पण या भांडणात रुग्ण गप्प बसायला शिकला. झाडपाला घेतला म्हटलं तर डॉक्टर ओरडतील, म्हणून आजी मान हलवून ‘काही नाही’ म्हणते. पिशवीत मात्र भस्माची डबी असते, तिच्यात पारा की शिसं हे कुणी तपासलेलं नसतं.

वैद्यबुवांचं निदान कितीदा चुकलं असेल, पण घरात काय शिजतं आणि काय उगाळलं जातं हे त्यांना ठाऊक असायचं. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण घरी काय घेता हे विचारल्याशिवाय ती नोंद झालीच नसती. आमच्याकडच्या केसपेपरवर त्या प्रश्नाला दोन ओळी तरी हव्यात, आणि आजीला खरं सांगता येईल इतकी सवड.