दरीतले पाणी आणि पुसलेले नाव

वाचकहो, आपल्यासारख्या नोकरदार, कष्टकरी माणसांचा प्रवास म्हणजे गावी जाणे, लग्नाला जाणे, नाहीतर एखाद्या मेळाव्याला जाणे. पाठीवर बिऱ्हाड घेऊन केवळ चालण्यासाठी कुणी रजा खर्ची घालील, हे आम्हा उभयतांना कधी पटलेच नसते. पण आमचा मेहुणा नोकरीनिमित्त अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फीनिक्स शहरी राहतो. त्याने विमानाची तिकिटे धाडली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आम्ही तिकडे गेलो. आम्हाला वाटले, ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी उभे राहून फोटो काढायचा आणि परतायचे. त्याने मात्र दरीत एका रात्रीच्या मुक्कामाचा परवाना आधीच काढून ठेवला होता. परवान्यावाचून तेथे तंबू ठोकता येत नाही.

काठावर पोहोचलो आणि बोलणेच थांबले. कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. काठावरचा दगड २७ कोटी वर्षांचा, तर तळाशी असलेला १७० कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आपण जसजसे खाली उतरतो तसतसे मागच्या काळात जातो.

मेहुणा लेकराबाळांसह काठावरच थांबला. आम्ही दोघे सकाळी 'ब्राइट एंजल' नावाच्या पायवाटेने उतरू लागलो. जायचे होते ७ किलोमीटरवरच्या एका झऱ्याकाठी. पण तेवढ्यात ३,००० फूट उतार! वाट नागमोडी, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. समोरून खेचरांचा तांडा आला की आपण कड्याच्या बाजूला सरून उभे राहायचे, हा तिथला नियम. वर बोचरी थंडी होती. खाली जाऊ तशी हवा तापत गेली. वाटेत जागोजाग इशारे लिहिलेले आहेत. त्यांचा मथितार्थ एवढाच, की उतरणे तुमच्या मर्जीवर आहे, चढून येणे मात्र सक्तीचे.

निघताना प्रस्तुत लेखकाने सहचारिणीला दोनदा बजावले होते, "तुला झेपेल ना? आताच सांग." स्त्री-पुरुष समतेवर सभांतून तासभर बोलणारे आम्ही! घरात मात्र असे बोलून जातो. ती काही बोलली नाही. पाठपिशवीचे पट्टे आवळले आणि चालू लागली.

दुपारी तो हिरवा पट्टा दिसला. चोहीकडे लाल, रखरखीत दगड आणि मध्येच खळखळणारा ओढा, काठाने कॉटनवुडची उंच झाडे. त्यांची पाने आपल्या पिंपळासारखी, वारा नसतानाही सळसळणारी. आम्ही मुक्कामाच्या जागी तंबू ठोकला. दरीत शेकोटी पेटवायला मनाई आहे, म्हणून छोट्या गॅसवर चहा केला. चपाती, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ बरोबर होताच. उरलेले अन्न तिथल्या लोखंडी डब्यात बंद करावे लागते, कारण खारी आणि उंदीर पिशव्या कुरतडतात.

शेजारच्या तंबूतल्या एका वयस्कर गृहस्थाने विचारले, "कुठले तुम्ही?" आम्ही म्हणालो, "इंडियन." तो हसला आणि म्हणाला, "या जागेलाही पूर्वी 'इंडियन गार्डन' म्हणत. आता ते नाव नाही." मग त्याने जे सांगितले आणि पुढे आम्ही वाचून पडताळले, ते असे.

या झऱ्याकाठी हवासुपाई नावाचे आदिवासी पिढ्यान्पिढ्या राहत. हवासुपाई म्हणजे निळ्या-हिरव्या पाण्याची माणसे. ते इथे मका, घेवडा, भोपळा पिकवत. आम्ही ज्या पायवाटेने उतरलो ती मुळात त्यांचीच. १८८२ साली सरकारने त्यांना दुसऱ्या एका उपदरीत अवघी ५१८ एकर जमीन राखून दिली. १९१९ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ साली या झऱ्यावरचा शेवटचा हवासुपाई रहिवासी, कॅप्टन बरो, यालाही उद्यानाने जबरदस्तीने बाहेर काढले. सहचारिणी म्हणाली, "माणसांना हाकलले आणि पाटीवर नाव तेवढे त्यांचे ठेवले!"

पण हे लोक गप्प बसले नाहीत. अनेक दशकांच्या मागणीनंतर १९७५ साली कायदा होऊन त्यांना सुमारे १ लाख ८५ हजार एकर जमीन परत मिळाली. झऱ्याकाठची ही बाग मात्र अजून उद्यानाच्याच ताब्यात आहे. पण २०२२ साली, त्यांच्याच मागणीवरून, तिचे अधिकृत नाव 'हवासुपाई गार्डन्स' झाले. पाटीवरच्या एका नावासाठी माणसे किती झिजतात हे १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार पाहिलेल्या आपल्याला कुणी सांगायला नको. आज ही माणसे सुपाई गावात राहतात. तिथे मोटाररस्ता नाही. टपाल अजून खेचरांच्या पाठीवरून जाते.

त्या रात्री आकाश असे भरून आले होते की तंबूत जाववेना. दोघेही ओढ्याचा आवाज ऐकत बसलो. ती म्हणाली, "लहानपणी उन्हाळ्यात आम्ही नाल्यातून दोन-दोन हंडे चढावर आणायचो. पाणी जवळ असते तर शाळा सुटली नसती." लग्नाला वीस वर्षे झाली, पण हे तिने आजवर सांगितले नव्हते. की आम्हीच विचारले नव्हते?

पहाटे उजाडण्याआधी निघालो. अर्ध्या वाटेवर प्रस्तुत लेखकाचा उजवा गुडघा धरला. ऊन चढू लागले. वाटेतले सगळेच नळ वर्षभर चालू नसतात, म्हणून बाटल्यांतले पाणी जपायचे होते. एका दगडावर बसलो आणि क्षणभर वाटले, आता काही आपण वर पोहोचत नाही. सहचारिणीने तंबूचे ओझे निमूट आपल्या पाठीवर घेतले. म्हणाली, "शंभर पावले मोजा, मग थांबा. वर बघू नका." मीठ-साखरेचे पाणी घोटघोट पाजले, खारे शेंगदाणे खायला लावले. नुसते पाणी ढोसून चालत नाही, अंगातले मीठ घामावाटे जाते, हे तिला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. ते तिला शेताच्या बांधावर कळले होते. शंभर पावले, थांबा, पुन्हा शंभर. आठ तासांनी आम्ही काठावर आलो.

मेहुण्याने विचारले, "ताई, झेपले का?" ती म्हणाली, "मला विचारू नकोस. भाऊजींना विचार."

वाचकहो, अमेरिकेला जाणे प्रत्येकाला जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पण जिथे कुठे जाल तिथे पाणी पुरेसे घ्या, खारे काहीतरी जवळ ठेवा, कचरा परत आणा, भर दुपारी चढाव चढू नका. आणि एखादी रम्य जागा दिसली, झरा दिसला, तर तिथे आधी कोण राहत होते आणि ते आता कुठे आहेत, एवढे अवश्य विचारा. हाच प्रश्न घरातल्या बाईलाही एकदा विचारून पाहा. तिने आजवर किती हंडे वाहिले, याचा हिशेब अजून तरी आपल्या कुणाच्या वहीत नाही.