हैदराबादेत एक बिनठरलेला दिवस

होस्टेलमध्ये आम्हाला नावाने कुणी हाक मारत नसे, गावाच्या नावाने मारत. आम्ही दोघी चुलत बहिणी यवतमाळ जिल्ह्यातल्या मुकुटबनच्या, म्हणून एक 'बडी मुकुटबन' आणि दुसरी 'छोटी मुकुटबन'. तिसरी किनवट, चौथी परभणी. आंध्राच्या मुलींना मुकुटबन हे गाव आहे की जंगल तेच कळत नसे. "ये बन किदर है?" असे त्या विचारायच्या. पैनगंगेच्या अलीकडे, असे आम्ही सांगायचो, आणि त्यांना पैनगंगाही माहीत नसायची.

ही २००३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही चौघी हैदराबादेत उर्दू माध्यमातून बी.एड. करत होतो. मुकुटबनहून आदिलाबादला जायचे, तिथून आंध्राची बस धरायची आणि निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत तीनशेक किलोमीटर हाडे खिळखिळी करून घ्यायची. आमच्या घरातून इतक्या लांब शिकायला गेलेल्या आम्हीच पहिल्या. परभणीला तिच्या भाईजानने एकाच अटीवर पाठवले होते: होस्टेल, कॉलेज, पुन्हा होस्टेल. मधे कुठे वळण नाही.

त्या गुरुवारी जुन्या शहरातल्या एका शाळेत आमचे सराव पाठ होते. छोटी मुकुटबनचा पाठ 'पाण्याचे चक्र'. तक्ता परभणीने काढून दिला होता, कारण तिचा हात चांगला. समुद्र, वाफ, डोंगर, पाऊस, सगळे निळ्या-हिरव्या खडूत. ढगांखाली तिने उर्दूत सुरेख अक्षरात लिहिले होते, 'बादलां'. आदल्या दिवशी पाठ तपासणाऱ्या मॅडमनी त्यावर लाल रेघ मारली, दोन गुण कापले आणि वर्गासमोर म्हणाल्या, ही उर्दू नव्हे, ही बाजारातली बोली आहे. अशी भाषा घेऊन मुलांसमोर उभ्या राहणार का? आम्ही चौघीही 'लोगां', 'किताबां', 'नक्को' म्हणणाऱ्या. दोन महिन्यांत आम्ही वर्गात तोंड उघडायचे जवळजवळ बंद केले होते. घरी बोलतो ते चुकीचे, आणि बरोबर काय ते जिभेवर येत नाही, अशी अवस्था.

शाळेच्या फाटकाशी पोहोचलो तर रात्रीच्या पावसाने अंगणात गुडघाभर पाणी साचलेले. पायजमा वर खोचलेला चौकीदार म्हणाला, "आज स्कूल नक्को बोले बडे साब. छुट्टी."

आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि हसू आवरेना. पाण्याच्या चक्राचा तक्ता बगलेत आणि पाठ पाण्यात!

परत होस्टेलला जायला हवे होते, हे कबूल करतो. पण साडेआठच वाजले होते. किनवट म्हणाली, दोन महिने झाले, चारमिनार फक्त बसच्या खिडकीतून पाहिला. चौघींचे मिळून १८४ रुपये भरले. होस्टेलचे फाटक सहाला बंद होई. घरी विचारल्याशिवाय, कुणी मोठे सोबत नसताना मुलींनी शहरात फिरावे का, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हालाही पडला होता. परभणीला सगळ्यात जास्त. ती दोनदा बसस्टॉपकडे वळली आणि दोनदा परत आली.

चारमिनार जवळून पाहिला की आधी त्याची उंची नव्हे, चुन्याचे नक्षीकाम दिसते. महंमद कुली कुतुबशहाने तो १५९१ मध्ये, हिजरी सन १००० च्या सुमारास बांधला आणि त्याच्याभोवती हे शहर वसवले. सर्वांत वरच्या मजल्यावर मशीद आहे, पण तिथवर जाऊ देत नाहीत. अरुंद, गोल जिन्याने पहिल्या मजल्यापर्यंत चढलो. तक्ता जिन्यात आडवा येत होता. कमानीतून खाली चारी दिशांना चार रस्ते जाताना दिसतात. छोटी मुकुटबन म्हणाली, यातला एक तरी आपल्या वऱ्हाडाकडे जात असेल. जात असणारच. १८५३ च्या तहाने कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत आमचा वऱ्हाड निजामाचाच होता, आणि १९३६ मध्येसुद्धा निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. नांदेड-परभणी तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणजे परमुलखात म्हणून आलेल्या आम्ही चौघी एका अर्थाने आजोळीच आलो होतो.

तिथून चालत मुसी नदीच्या काठी सालारजंग म्युझियमला गेलो. शुक्रवारी ते बंद असते. आमचा गुरुवार होता हे नशीब. दारावर सामान ठेवून घेणाऱ्या माणसाने तक्ता उलगडून पाहिला, "अच्छा निकाले" म्हणाला आणि उभा ठेवला, वाकू दिला नाही. परभणी त्यानंतर पहिल्यांदा मोकळी हसली.

म्युझियम एका दिवसात पाहून होत नाही, म्हणून यादी देत नाही. तिसरे सालारजंग मीर युसुफ अली खान यांनी आयुष्यभर वस्तू जमवल्या. त्यांच्यामागे १९५१ मध्ये हे संग्रहालय लोकांसाठी उघडले. बाराच्या ठोक्याआधी सगळे त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जमतात. छोटासा बाहुला दार उघडून बाहेर येतो, घंटेवर बारा टोले देतो आणि आत जातो. आमच्या शेजारी बसलेले एक आजोबा प्रत्येक टोला मोठ्याने मोजत होते, जणू घड्याळ चुकले तर त्यांनाच जाब द्यायचा आहे.

पुढे बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराची बुरखा घेतलेली रेबेका आहे. संगमरवर तोच, पण चेहऱ्यावरचा ओढणीचा झिरझिरीत पदर असा की हाताने बाजूला सारावासा वाटतो. पहिल्या सालारजंगांनी ती १८७६ मध्ये रोमहून आणली. आम्ही मात्र जास्त वेळ थांबलो लाकडाच्या एका जोडपुतळ्यापाशी. समोरून मेफिस्टोफेलीस, ताठ मानेचा सैतान. मागे आरसा, आणि आरशात त्याच लाकडाच्या पाठीवर कोरलेली मान खाली घातलेली मार्गारेटा. दोघे जर्मन महाकवी गटेच्या 'फाउस्ट' नाटकातले. परभणी बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. चला म्हटले तर म्हणाली, "पुढून बघणाऱ्याला ही आहे हे कळतच नाही की."

जोहरला मक्का मशिदीत पोहोचलो. १६१७ मध्ये महंमद कुतुबशहाने पाया घातला आणि १६९४ मध्ये औरंगजेबाच्या काळात काम पुरे झाले. मधल्या कमानीच्या विटांत मक्केहून आणलेली माती मिसळली आहे, असे सांगतात. अंगणभर कबुतरे. एका बाजूला दोन बायका नमाज पढत होत्या, त्यांनी सरकून आम्हाला जागा दिली. तक्ता भिंतीशी टेकवला. नमाजनंतर त्यांतल्या म्हाताऱ्या खालांनी विचारले, "कां से आए बेटा?" बडी मुकुटबन नेहमीच्या भीतीने 'शुद्ध' उर्दू जुळवू लागली, तर खाला म्हणाल्या, "कायकू इत्ता सोचरे? बोलो ना सीदा."

मग लाड बाजार. लाखेच्या बांगड्यांची दुकाने दोन्ही अंगांनी, आणि त्यांवरच्या काचेच्या खड्यांनी डोळे दिपतात. भारी बुरख्यातल्या, बोटभर अंगठ्या घातलेल्या एक बेगम दुकानदाराला म्हणत होत्या, "ये नक्को, वोच दिखाओ. हौ, वोच." आम्ही चौघी जागीच थांबलो. लाल रेघ मारावी असे तीन शब्द एका दमात! आणि दुकानदार अदबीने तेच दाखवत होता.

तेव्हा कुठे आठवले की बी.ए.ला महंमद कुलीचे नाव आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. शहर वसवणारा हा बादशहा दख्खनीचा मोठा कवी. डॉ. मोहिउद्दीन कादरी ज़ोर यांनी त्याची समग्र कविता १९४० मध्ये संपादित करून छापली. त्यात ईद आहे, वसंत आहे, थंडी आहे आणि 'मिरग'ही आहे. आमच्या घरी पेरणीआधी ज्याची वाट पाहतात तोच मिरग! दख्खनीतला 'नक्को' म्हणजे आपल्या मराठीचा 'नको', आणि 'वोच', 'मैंच' यांतला 'च' हाही मराठीचाच, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. शाळेत उर्दूवाले आम्हाला मराठी मिसळता म्हणायचे, मराठीवाले उर्दू मिसळता म्हणायचे. इथे चारशे वर्षांपूर्वी मिसळून ठेवलेले होते. बांगड्या घेतल्या नाहीत, परवडत नव्हत्या. चार इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटे घेतली, आणि चहावाल्याशी आम्ही दोन महिन्यांत पहिल्यांदा घरच्यासारखे बोललो.

परतताना पावसाने गाठले. बायकांच्या पुढच्या दारातून बसमध्ये चढलो, तक्ता बुरख्याखाली घेतला. बस दीड तास एकाच पुलावर अडकली. होस्टेलला पोहोचलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती.

अब्बा गुरुवारी संध्याकाळी मुकुटबनच्या पी.सी.ओ.वरून फोन करत. त्यांचा येऊन गेला होता. वॉर्डन आपांनी त्यांना सांगितले होते, मुली सकाळपासून परतल्या नाहीत. परभणीच्या घरीही त्यांनीच फोन केला होता. जिन्यात उभ्या राहून आम्ही कुजबुजलो: पाठ लांबला म्हणावे का? परभणी म्हणाली, तसे म्हणा, माझ्यासाठी म्हणा. किनवट गप्प. मुकुटबनच्या दोघींना खोटे बोलणे जमले नाही. हे आम्ही थोरवी म्हणून सांगत नाही. आम्हाला आमच्या घराचा भरवसा होता, तिला नव्हता, एवढाच फरक होता.

समोरच्या एस.टी.डी. बूथवरून फोन लावला. पोरगा अब्बांना बोलवायला धावला. "अब्बा, हम लोगां घूमने गए थे." मीटरचे लाल आकडे पळत होते. बराच वेळ काही आवाज नाही. मग, "जोहर कां पढे?"

"मक्का मस्जिद में."

"पूछ के जाते तो मैं नक्को बोलता क्या?"

आम्ही उत्तर दिले नाही. खरे तर नक्को म्हटले असते.

आठव्या दिवशी परभणीचे भाईजान आले. रागीट माणूस नव्हता. आम्हाला चौघींना सीताफळे आणली होती, खाली बसून विचारपूस केली, आणि बहिणीची पेटी रिक्षात ठेवली. आम्ही वॉर्डन आपांकडे गेलो, भाईजानपुढे चूक आमची म्हणालो. ते म्हणाले, चूक कुणाचीच नाही, पण घरात ठरले आहे. तिचे बी.एड. तिथेच राहिले. जाताना तक्ता आमच्या हातात देऊन म्हणाली, "शनिवारी भिजला होता, नीट वाळवा."

तो पाठ त्या शनिवारी झालाच होता. छोटी मुकुटबनने तक्ता लाल रेघेसकट टांगला. हे काय आहे विचारल्यावर सगळा वर्ग ओरडला, "बादलां!" तिने दुरुस्त केले नाही. पुन्हा दोन गुण गेले.

परभणी आज परभणीतच घरी शिकवण्या घेते. दोन खोल्या मुलांनी भरलेल्या असतात. तक्ता मुकुटबनला आहे. कडांना चिकटपट्टी लावली आहे, समुद्राचा निळा रंग विटला आहे. दर वर्षी शाळा उघडली की आम्ही तो वर्गात टांगतो. गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलाने विचारले, "मॅडम, बादलां पे लाल लकीर कायकू मारे?" आम्ही परभणीला फोन लावून मोबाइल त्याच्या हातात दिला. तिने त्यालाच विचारले, तू क्या बोलता उसकू? तो म्हणाला, बादलां. "फिर सहीच है," ती म्हणाली. मग आमच्याकडे पाऊस किती झाला ते विचारले, आणि पेरणी उरकली का ते.