नाव कापून फिरवलेली बारी

लातुरात एखाद्या क्लासच्या नोट्सची पीडीएफ टेलिग्रामवर फिरायला लागली की क्लासवाले सर लगेच वकिलाच्या ऑफिसात हजर होतात. आवाज चढलेला, हातात प्रिंट काढलेले स्क्रीनशॉट, सोबत दोन शिक्षक. ‘आमच्या मेहनतीवर डल्ला मारला’ हे वाक्य ठरलेलं असतं, आणि ते खरंही असतं. नीटच्या सराव परीक्षा काढायला किती रात्री जातात, हे या शहरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच टेलिग्रामवर एखाद्या नाचणाऱ्या बाईचा, पैसे भरून बघायचा व्हिडिओ फुकट फिरायला लागतो, तेव्हा ती बरेच दिवस कुणाकडेच जात नाही. शेवटी माझ्याकडे आलीच तर आवाज खालचा असतो आणि पहिला प्रश्न चोराबद्दल नसतो. ‘मॅडम, उलटी माझ्यावरच केस पडायची नाही ना?’

नांदेड आणि लातूर या दोन्ही कोर्टांत मी कॉपीराइटची आणि सायबरची कामं बघते. येणाऱ्या बायकांत काही संगीत बारीतल्या, काही सुपारी घेऊन स्टेज शो करणाऱ्या असतात. काहींचा लावणीशी संबंधच नसतो. त्या मोठ्यांसाठीचे फोटो-व्हिडिओ स्वतः काढतात आणि महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांनाच दाखवतात. ‘ओन्लीफॅन्स’ ही लंडनची कंपनी २०१६ साली सुरू झाली. ती वर्गणीतले वीस टक्के ठेवते आणि ऐंशी टक्के त्या बाईला देते. ऐकणाऱ्याला हा आयता पैसा वाटतो. प्रत्यक्षात नऊवारी, मेकअप, लाइट, शूटिंग, एडिटिंग, रात्री उशिरापर्यंत मेसेजना उत्तरं, शिव्या खाऊनही हसरा चेहरा, असं सगळं काम ती एकटी करते. फडात निदान ढोलकीवाला आणि पेटीवाला सोबत असतो.

पैसे मोजून शृंगार बघणं आपल्याला काही नवीन नाही. बैठकीत फर्माईश करायची, दौलतजादा करायची, मग अदा बघायची, हा जुना व्यवहार आहे. वर्गणी ही त्याच व्यवहाराची मोबाइलवरची सोय. बैठकीला आलेला माणूस बिदागी न देता उठला तर त्याची नाचक्की होत असे. आज स्क्रीन रेकॉर्डिंग करून तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकणाऱ्याला ‘भाऊ, पार्ट टू पाठव’ म्हणून शाबासकी मिळते.

श्रेयाच्या बाबतीत आपली परंपरा खरं तर फार दक्ष होती. शाहीर कवनाच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव या सगळ्यांनी ते केलं. नाव चालीत आणि यमकात असं बसवलेलं असायचं की ते काढलं तर कडवंच लंगडं पडावं. मला तर ते छापखान्याआधीचं वॉटरमार्क वाटतं. बापूराव १९४५ साली वारले. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे २००५ च्या अखेरीस त्यांची कवनं सगळ्यांची झाली, तरी नाव अजून जागेवर आहे. पण ज्या बाईने ती लावणी उभी केली तिचं नाव त्या कडव्यात कधीच नव्हतं. पवळा, विठाबाई, यमुनाबाई वाईकर अशी मोजकी नावं राहिली. बाकीच्या शेकडो जणी ‘नाची’ एवढ्याच ओळखीवर गेल्या. शब्द रचणं ही प्रतिभा आणि अंग हलवणं म्हणजे नुसतं अंगच, असा तो हिशेब. आजचा फॉरवर्ड करणारा तोच हिशेब पुढे चालवतोय.

कायद्याने मात्र हा हिशेब मोडला आहे, आणि हे आमच्या वकील मंडळींनाही फारसं ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘परफॉर्मर’ची व्याख्या आहे. तीत नट, गायक, वादक आहेत, नर्तक आहे, कसरत करणारा आणि जादूगार आहे, चक्क गारुडी आहे आणि व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे क्लासवाले सर आणि बारीतली बाई या कायद्याच्या एकाच ओळीत बसतात. सरांना हे सांगितलं की ते जरा अवघडतात.

२०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८-अ आणि ३८-ब आली. नाचाचं चित्रण करणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं, या दोन्हींसाठी नाचणाऱ्याची परवानगी लागते. हा हक्क ५० वर्षं राहतो. नाव लावून मागण्याचा हक्क तिचा आहे, आणि आपली बदनामी होईल अशी मोडतोड थांबवण्याचाही. माळेगावच्या यात्रेचंच उदाहरण घ्या. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून खंडोबाची ही यात्रा भरते आणि तिथला लावणी महोत्सव बघायला लांबून लोक येतात. स्टेजसमोर डोक्यांपेक्षा मोबाइल जास्त. स्वतःपुरतं बघायला चित्रण केलं तर कायदा हरकत घेत नाही. पण तीच क्लिप कमरेवर झूम करून, स्लो मोशनमध्ये, वर भलतंच गाणं चढवून आपल्या पेजवर टाकली की तिथे हक्कभंग होतो. आणि कोपऱ्यातलं तिचं नाव जाणूनबुजून क्रॉप केलं तर कलम ६५-ब लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. नाव कापणं हा वेगळा गुन्हा आहे, हे ऐकून पेजवाल्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पेजवाल्यांचा आवडता बचाव म्हणजे खाली लिहिलेलं ‘क्रेडिट टू ओनर’. मालक माहीत आहे तर मग विचारलं का नाही? नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही. यात आणखी एक पेच आहे, जो नोट्सच्या चोरीत नसतो. बऱ्याच जणी टोपणनावाने काम करतात. त्यांच्या गावी घर असतं, शाळेत जाणारी मुलं असतात. अशा बाईचा व्हिडिओ उचलून खाली तिचं खरं नाव आणि गाव लिहिणारा स्वतःला प्रामाणिक समजतो, प्रत्यक्षात तो चोराहून वाईट काम करतो. कोणत्या नावाने ओळखलं जायचं हे तिने ठरवायचं. २०२३ साली एका लोकप्रिय नर्तिकेचा कपडे बदलतानाचा व्हिडिओ चोरून काढून राज्यभर फिरवला गेला. नाव सगळ्यांना माहीत आहे. मी मुद्दाम लिहीत नाही.

आता माझ्याकडे येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न, उलटी केस पडण्याचा. खोटा दिलासा मी देत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७-अ उघड लैंगिक चित्रण प्रसारित करणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगतं, आणि ते करणारी बाई सज्ञान आणि राजीखुशीची आहे का, हे विचारत नाही. म्हणून नेमकं काय चित्रित केलं आहे हे आधी बघावं लागतं. बहुतेक लावण्या आणि बहुतेक ‘बोल्ड’ फोटो या कलमाच्या जवळपासही जात नाहीत. पण भीती सरसकट असते आणि चोर त्या भीतीवरच जगतो. ‘जा पोलिसात, तूच आत जाशील’ असा मेसेज मी अनेकींच्या मोबाइलवर वाचला आहे. पाठवणाऱ्याला हे माहीत नसतं की ते कलम पुढे ढकलणाऱ्यालाही तितकंच लागतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे. बाईने खासगी क्षणाच्या चित्रणाला संमती दिली, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नाही, तर ते पसरवणं गुन्हा ठरतं. वर्गणीदारांपुरती दिलेली संमती ही अशीच मर्यादित संमती आहे, असं माझं मत आहे आणि मी ते कोर्टात मांडते.

समोरचे वकील हटकून म्हणतात, असल्या धंद्याला कसलं संरक्षण? अमेरिकेत १९७९ साली अश्लील सिनेमाच्या चोरीच्या खटल्यात अपिलाचा निकाल लागला. सिनेमा अश्लील आहे हा चोरीचा बचाव होऊ शकत नाही, असं पाचव्या सर्किटच्या कोर्टाने सांगितलं. तो निकाल आपल्याला बंधनकारक नाही, पण आपल्या घरचेही निकाल आहेत. २००५ साली राज्याने डान्सबार बंद केले, २००६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती बंदी रद्द केली आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. नाचून पोट भरणं हा व्यवसाय आहे, हे त्यातलं मर्म. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाही सन्मान आहे, त्यांची छायाचित्रं माध्यमांनी उघड करू नयेत, असं बजावलं. त्याआधीचाही एक मजेशीर तपशील आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबईत बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी घातली, तेव्हा मराठवाडा निजामाकडे होता. तो हुकूम आमच्या जिल्ह्यांना लागूच नव्हता. आमच्याकडचे सोवळे लोक हे सोयीस्करपणे विसरतात.

व्यवहारात दोन गोष्टी पटकन कराव्यात. फिरणाऱ्या पोस्टची लिंक, तारीख आणि स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा. घाबरून आपलंच अकाउंट डिलीट केलं की पुरावाही जातो. मग त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. खासगी अंगाचं चित्रण असेल तर ते काढायला २०२१ च्या नियमांनी २४ तासांची मुदत घालून दिली. ‘स्टॉपएनसीआयआय’ या मोफत सेवेत फोटो कुणाकडेही न पाठवता त्याचा फक्त सांकेतिक ठसा देता येतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो अडवतात. मूळ फाइल मात्र सांभाळा. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, निर्मिती झाली की हक्क जन्मतो; मूळ फाइल तो सिद्ध करते. आणि दाव्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. कलम ६२ प्रमाणे तो स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या कोर्टात लावता येतो.

यंदा माळेगावला जाणार असाल तर लावणी जरूर बघा, शिट्ट्या मारा, बिदागी द्या. व्हिडिओ काढलाच आणि टाकावासा वाटला तर आधी बाईंना नाहीतर फडाच्या मालकिणीला विचारा, आणि नाव कोणतं लावू तेही विचारा. नको म्हणाल्या तर तिथेच, त्यांच्यासमोर डिलीट करा. आणि ग्रुपवर अशी एखादी क्लिप आलीच तर पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला सांगा की हे कुणाचं तरी काम आहे आणि तू त्याचे पैसे बुडवलेस.